पुठ्ठा वेगळा

परवा ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकाचं पार्सल फोडलं आणि पुठ्ठ्याचा वास आला. आता सूट शून्य, घरपोच पाठवण्याचा खर्च वर. त्या वासाने दहा-बारा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळचं जाधवकाकांचं पुस्तकांचं दुकान त्या दिवशी बंद होत होतं.

रद्दीवाला काट्याशी उभा होता. "काका, पुठ्ठा वेगळा काढा. त्याला कागदाचा भाव नाय मिळत."

गिऱ्हाइकाला पानही दुमडू न देणारे काका जमिनीवर बसून कोऱ्या पुस्तकांची कव्हरं उपटत होते. दर वेळी शिवण तुटल्याचा आवाज येई आणि वाळलेल्या खळीची भुकटी उडे.

शेजारचा मोबाइलवाला हसला. "काका, हात बसला हां आता तुमचा!"

काकांकडे सूट दहा टक्के, पार्सलवर तीस. मी वर्षभर पार्सलच मागवत होतो. तेव्हा तो हिशेब मला चोख वाटायचा. तरी समोरचं बघवेना.

"काका, ही चार मला द्या. छापील किमतीला घेतो."

काकांनी मान वर केली नाही. "कशाला रे? तुझी येतात ना घरी? पार्सलवाला पत्ता विचारायला माझ्याच दुकानात यायचा. तुझं घर त्याला मीच दाखवलं."

आणि त्यांनी पुढचं कव्हर उपटलं.