बायकोचे शेअर आणि भिंतीतलं भोक

शेअरबाजारातल्या माझ्या जुन्या पराक्रमांनंतर घरात ठराव झाला होता: डिमॅट खातं बायकोच्या नावावर राहील आणि मी त्याच्याकडे फक्त आदराने पाहीन. त्यामुळे वेलचेरीत आमच्या इमारतीमागे जिचं गोदाम होतं त्या कंपनीचे दहा शेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा तेही तिच्याच नावावर आले.

शेअर घेतले ते तळमजल्यावरच्या मामांसाठी. मामा तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक. गोदामाच्या नव्या कुंपणभिंतीने पावसाळी नाला अडवला होता आणि जरा पाऊस झाला की पाणी सरळ त्यांच्या घरात. मामी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची खाट मामांनी विटांवर चढवली होती. अर्ज सगळीकडे देऊन झाले होते. मग मीच शक्कल काढली: कंपनीच्या वार्षिक सभेत भागधारक म्हणून जायचं आणि अध्यक्षांना चारचौघांत विचारायचं.

"सेरी. पण ते उत्तर देतील काय म्हणून?" मामा म्हणाले. त्यांचं 'सेरी' म्हणजे तमिळमधलं 'बरं'.

"मालकाने विचारल्यावर देतील."

"दहा शेअरांचे मालक," बायको म्हणाली. "तेही माझे."

सभेच्या दिवशी तिला रजा मिळेना, म्हणून तिची प्रॉक्सी होऊन मी एकटाच मैलापूरला गेलो. तिथल्या एका संगीत सभेचा, म्हणजे गायनसंस्थेचा, हॉल भाड्याने घेतलेला. दारातच प्रत्येकाला मिक्स्चर आणि म्हैसूरपाकाचं पाकीट. ही सरळसरळ लाच आहे हे मी ओळखलं आणि एकच पाकीट घेतलं.

शेजारी जरीकाठाची वेष्टी नेसलेले एक गृहस्थ होते. "दरवर्षी येतो, सार. कॉफी इथलीच चांगली," म्हणाले. मग माइकवर जाऊन त्यांनी अध्यक्षांची दूरदृष्टी, अध्यक्षांची प्रकृती आणि ती कॉफी, तिन्हींची मनापासून स्तुती केली. माझी खात्रीच पटली. हा कंपनीने पेरलेला माणूस. ते परत येऊन बसले तसा मी प्रश्नाचा कागद तळहाताखाली दडपला.

माझी पाळी आली. घसा साफ करून उभा राहिलो, तर कंपनीचे सेक्रेटरी फार गोड आवाजात म्हणाले, "सार, आपण प्रॉक्सी. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. मतदान झालं तर मत द्या." मी खाली बसलो. तोंडात घालायला म्हैसूरपाक होता, म्हणून निभावलं.

"कागद द्या," वेष्टीवाले कुजबुजले.

"कशाला?"

"खायला नाही, सार. वाचायला."

इलाज नव्हता. दिला, आणि मनात म्हटलं, गेला तो आता थेट अध्यक्षांच्या खिशात. ते पुन्हा माइकवर गेले, पुन्हा स्तुती केली आणि त्याच मधाळ सुरात म्हणाले, "एवढ्या थोर कंपनीच्या भिंतीमुळे एका आजारी बाईच्या खाटेखाली पाणी साचतं, हे आपल्या कानावर कोणीच कसं घातलं नाही?"

पुढच्या रांगेत टाय लावलेले दोन म्युच्युअल फंडवाले होते, पाकिटाला हात न लावलेले. आम्ही बाकीचे कॉफीपुरते मालक. भाव हलायचा तो या दोघांनी विकायला काढलं तर. त्यांनी पेनं उघडली. अध्यक्षांनी आधी त्या पेनांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "लक्ष घालतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेअर घसरला. मी छाती फुगवून बायकोच्या ब्रोकरला फोन केला. "तुमच्यामुळे?" तो म्हणाला. "सार, आज सगळा बाजारच पडलाय."

पण भिंतीला खरोखर मोठं भोक पाडलं गेलं. त्या पावसाळ्यात मामांचं घर कोरडं राहिलं. मी इमारतभर मिरवत होतो. मामा मात्र खाटेखालच्या विटा काढेनात. "एवढं झटकन केलं, ते काय म्हणून? आणि ते पाणी गेलं कोठें?"

कोठें गेलं ते पुढच्या वर्षीच्या सभेत कळलं. या खेपेला बायको स्वतः आली होती. वेष्टीवाल्यांनी मला लांबूनच ओळखीचा हात केला, आणि ते पाहताच माझ्या शेजारचा माणूस एक खुर्ची सोडून पलीकडे सरकला. तळहाताखाली कागद दडपून त्याने विचारलं, "तुम्ही कंपनीचे का?"

बोटांच्या फटीतून मला कागदावरचं एवढंच वाचता आलं: भिंतीतलं भोक बुजवा. तो गोदामापलीकडच्या गल्लीतला होता. आमचं पाणी आता त्याच्या घरात शिरत होतं.

"ते बुजवलं तर मामींचं काय?" मी बायकोच्या कानात म्हणालो.

ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. "हे कंपनीचे नाहीत हो. गेल्या वर्षी हे बोलायला उठले आणि न बोलता बसले. कंपनी असा माणूस कशाला ठेवेल?"

तो हसला. मग त्याने कागदावरचा हात काढला. दोघांनी मिळून त्यावर नवा प्रश्न लिहिला: नाला पुढे वेलचेरीच्या तलावापर्यंत नेणार का? बायकोने तो उभं राहून खणखणीत वाचला. फंडवाल्यांची पेनं उघडली. अध्यक्ष म्हणाले, "लक्ष घालतो."

वेष्टीवाले नक्की कोणाचे, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी जाताना माझं पाकीट मागितलं, मी दिलं.

संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं. पावसाळा तोंडावर आला होता. "सेरी," ते म्हणाले, आणि वाकून मामींच्या खाटेखालच्या विटा एकेक करून घट्ट बसवू लागले.