शिवाजी पेठेतला गवा

स्वारगेटहून कोल्हापूरची एस.टी. पकडली तेव्हा माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेल्या दोन फ्रेमा होत्या. दोन्ही छायाचित्रं माझी, दोन्हींना बक्षीस मिळालेलं. एकाखाली लिहिलं होतं 'आजऱ्याच्या जंगलातील गवा', दुसऱ्याखाली 'प्रतीक्षा'. वय चौऱ्याहत्तर. खरं सांगायला आणखी उशीर करणं परवडणारं नव्हतं.

सातारा सोडल्यावर कंडक्टरने विचारलं, "बाबा, देवाचा फोटो हाय काय?"

"गव्याचा."

"दावा की."

मी चादर सोडली. त्याने एकदाच पाहिलं. "ही म्हस हाय की ओ!"

मागच्या बाकावरच्या बाई उठून आल्या. "म्हसच. दुसऱ्या येताची." (म्हणजे दोनदा व्यायलेली.) पुण्यातल्या परीक्षकांना जे इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते कऱ्हाड यायच्या आत अख्ख्या गाडीला दिसलं.

म्हैसच होती ती. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी गव्यासाठी आठ दिवस आजऱ्याच्या रानात बसलो होतो. वाऱ्याची दिशा बघायची, खोकला गिळायचा, प्राणी आपणहून येईपर्यंत हलायचं नाही, हे माझे नियम. त्यांवर मी व्याख्यानं देत असे. गवा आला नाही. परतताना कागलजवळ पहाटे गाडी पंक्चर झाली. धुकं होतं, आणि बांधावरच्या उंच गवतात एक काळं धूड उभं होतं. गळ्यात कवड्यांचा पट्टा. मी सहा फोटो काढले. शिंगं धुक्यात होती, पाय गवतात, म्हणजे गवा म्हणून खपण्यासारखं. राहिला पट्टा, तो पुढे पुण्यात, फोटो छापल्यावर, बारीक ब्रशने काळ्या रंगात बुडवला.

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. त्याच दिवशी दुपारी मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, रस्त्यावरची माणसं टिपत फिरत होतो. एक गृहस्थ अनवाणी, घामाघूम, दिसेल त्याला विचारत होते, "पावणं (पाहुणे), म्हस दिसली का कुटं? गळ्यात कवड्यांचा पट्टा हाय." मलाही विचारलं. पण मी सकाळीच एस.टी.डी. बूथवरून पुण्याला 'गवा मिळाला' असं कळवून बसलो होतो. मी "नाही" म्हणालो. ते वळले, आणि मी त्यांचा चेहरा टिपला. तीच 'प्रतीक्षा'.

आता पुन्हा त्याच पेठेत उतरलो. मिसळ मागवली, पण एका घासानंतर ताटली बाजूला सारली. तिखट लागलं असं समजून हॉटेलवाल्याने दही आणून ठेवलं. त्याला मी 'प्रतीक्षा' दाखवली.

"हे तर आमचं दत्तूमामा!" म्हणत तो गल्ला सोडून मला पोचवायला आला.

दत्तूमामा तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"कुटं बगितलीसा?"

"कागलजवळ."

"आनि मी पन्हाळ्याकडं हुडकत (शोधत) गेलतो. चार दिस."

म्हैस सुटली कशी, ते कट्ट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलं. दिवाळीत इथे म्हशी सजवून मालकाच्या मोटरसायकलमागे पळवतात. मामांच्या बिजलीला त्यांच्या गाडीचा आवाज पाठ. मी फोटो काढला त्याच्या आदल्या संध्याकाळी तशाच आवाजाची कोणा परक्याची गाडी गल्लीतून गेली आणि ही सुटली मागे. गाडी रंकाळ्याकडे वळली, एवढंच लोकांनी पाहिलं.

"मग सापडली?"

"न्हाय."

मामांनी म्हशीची फ्रेम मागून घेतली. "पट्टा कुटाय?"

मी सांगितलं. त्यांनी फोटो बाहेर काढायला लावला, धोतराचा सोगा थुंकीने ओला केला आणि म्हशीचा गळा घासू लागले. एकेक कवडी वर आली.

"मामा, गवा म्हनला तर मानच दिला की त्येनं!" कट्ट्यावरून कोणीतरी म्हणालं.

"मान?" मामा उसळले. "डोळं झाकून धार काडायचो मी तिची! कदी लाथ न्हाय मारली. आनि ह्यो तिला रानटी ठरवतोय!"

यावर कट्ट्यावर दोन तट पडले. गवा मोठा की म्हैस मोठी, यावर इतकं भांडण झालं की गुन्हेगार मी आहे हेच सगळे विसरले. शेवटी मामांनी मला पेन दिलं. "खरं नाव लिवा."

मी फोटोखालची ओळ खोडून 'बिजली' लिहिलं. मामांनी तो फोटो घरी नेऊन गोठ्यातल्या रिकाम्या दावणीवर टांगला आणि 'प्रतीक्षा' माझ्या हातात परत दिली. "ह्यो तुमीच ठेवा. रोज बगा."

"मला माफ केलंत का?"

"म्हस परत आली की बगू."

चारच्या गाडीने पुण्याला निघालो. ओझं निम्मं झालं होतं, म्हणजे हातातलं. घरी येऊन चित्राखालचं 'प्रतीक्षा' पुसलं आणि तिथे लिहिलं: 'म्हैस कुठे आहे, हे फोटो काढणाऱ्याला माहीत होतं.' येणारे आधी चेहऱ्यावरच्या उजेडाचं कौतुक करतात. मग खालची ओळ वाचतात. काही जण चहा न घेताच उठतात. मी त्यांना थांबवत नाही.