कंपनीच्या नळाशी पुजलेलं पाणी

काल माझ्या सुनेनं, सुमननं, पाणी पुजलं. आमच्याकडं सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर जाते, पाच खडे मांडून हळदकुंकू वाहते, घुगऱ्या वाटते. मग तिला पाणी भरायची मोकळीक. मीही आमच्या विहिरीवरच पुजलं होतं. आता कारखान्याचं सांडपाणी मुरून विहीर काळी पडली आहे. तिच्या काठाशी उभं राहवत नाही. म्हणून कारखान्यानंच वेशीजवळ शुद्ध पाण्याचं यंत्र बसवून दिलं, आणि त्यावर स्वतःचं भलंमोठं नाव लिहिलं.

“आत्याबाई, खडे कुठं मांडू? सगळी फरशीच आहे,” सुमन म्हणाली.

“मांड नळाखाली. आपली गंगा आता बटण दाबल्यावर येते,” शेजारची शांता म्हणाली. आम्ही हसलो.

तेवढ्यात कारखान्याचे साहेब गाडीतून उतरले. पूजा बघून त्यांना फार आनंद झाला. “बघा, लोक आपलं काम कसं पुजतात,” असं ते सोबतच्या माणसाला म्हणाले. मग सुमनला म्हणाले, “ताई, जरा वर, नावाजवळ कुंकू लावा.” तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कुंकवाचा करंडा पुढं केला. तिनं लावलं, त्यांनी फोटो काढला.

विहीर नासवायची, मग घोटभर पाणी द्यायचं आणि वर आमचे जोडलेले हात भिंतीवर टांगायचे.

घरी बाळाला पाजताना सुमननं विचारलं, “आत्याबाई, हे पाणी पुजलं असंच धरायचं ना?”

मी हो म्हटलं. आजपासून तिला हंडा घेऊन तिथंच जायचं आहे.