हार्ड डिस्कला हात न लावता

सोमवार, ६ ऑक्टोबर २००८. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावच्या करुणा भीमराज खिल्लारे आठवीच्या भूमितीचा चौथा प्रश्न टाइप करत होत्या. आकृतीसाठी आठ ओळींची जागा सोडायची आणि पुढे जायचे. आकृत्या शिक्षक नंतर हाताने काढतात.

संगणक चार वर्षांपूर्वी जुना घेतलेला. त्या दिवशी तो हार्ड डिस्कवरून नव्हे, खणात घातलेल्या सीडीवरून चालू केलेला होता. सीडीवरून चालू व्हायला त्याला सहा मिनिटे लागत. चालू झाला की पहिले काम ठरलेले: पेन ड्राईव्हवरून मराठी फॉन्ट पुन्हा कॉपी करायचा, कारण काल घातलेला फॉन्ट आज सापडत नसे. आठवडाभर ही सीडी तपासून बघताना रोज त्यांनी हे केले होते. या सीडीची ती खोड असावी, असे धरून चालल्या होत्या.

सहा वाजता आठवीची भूमिती आणि नववीचा इतिहास हे दोन पेपर पूर्ण झाले. दोन्ही पडद्यावर डेस्कटॉपला ठेवलेले दिसत होते. तिसरा झाला की तिन्ही एकदमच पेन ड्राईव्हवर घ्यायचे, असा त्यांचा हिशेब होता. भारनियमनाच्या तक्त्याप्रमाणे लाईट साडेसहाला जाणार होती. ती सहा वाजून आठ मिनिटांनी गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच फुगून निकामी झालेली होती.

"गेली का?" ओट्यावरून सासरे अमृतराव यांनी विचारले.

"गेली, मामा."

"अजून टाइम झाला न्हाई की."

"ते त्यांना कोण सांगावं?"

लाईट साडेदहानंतर आली. सीडी फिरली, सहा मिनिटांनी पडदा उजळला. डेस्कटॉप रिकामा होता. फॉन्ट नव्हता आणि पेपरही नव्हते. साडेअकरापर्यंत त्यांनी शोधले. मग हस्तलिखितांचा गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला.

तिन्ही पेपर बुधवारी दुपारी बारापर्यंत शाळेत द्यायचे होते.

करुणाबाई १९९४ साली कळमनुरीत टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, मराठी तीस आणि इंग्रजी तीस. त्यांची बोटे टाइपरायटरवर तयार झालेली आहेत. संगणकावर त्या जो जुना मराठी फॉन्ट वापरतात, त्यात अक्षरे टाइपरायटरच्याच कळांवर आहेत, म्हणून त्यांना नव्याने काही शिकावे लागले नाही. आसपासच्या तीन शाळांचे चाचणीचे आणि सहामाहीचे पेपर त्या घरी टाइप करून देतात. त्यात सर्वांत मोठी शाळा मुंजाजी सर मुख्याध्यापक असलेली.

ऑगस्टच्या घटक चाचणीला त्यांच्या पेन ड्राईव्हमधून शाळेच्या संगणक कक्षात व्हायरस गेला. फोल्डरच्या नावाच्या भलत्याच फायली तयार झाल्या आणि खऱ्या फायली दिसेनाशा झाल्या. सोळा संगणकांपैकी अकरा बंद ठेवावे लागले. व्हायरस मुळात कोणाचा, हे ठरवता आले नाही. करुणाबाईंकडे शिक्षकांचेच पेन ड्राईव्ह येत होते.

मुंजाजी सरांनी त्यांना बोलावून घेतले. "ताई, तुमच्या टायपिंगबद्दल तक्रार न्हाई. पण सहामाहीला असा पेन ड्राईव्ह आला तर काम हिंगोलीच्या सेंटरला जाईल. एकदा गेलं की मग तिकडंच."

हिंगोलीला अमरसिंग यांचे संगणकाचे दुकान आहे. संगणक त्यांनीच जोडून दिला होता, विंडोजही त्यांनीच टाकले होते. व्हायरसवर त्यांचा उपाय एकच, फॉर्मॅट: पेपर ठेवलेला भाग सोडून डिस्क पुसायची आणि विंडोज नव्याने टाकायचे. वर्षभरात तीनदा झाला. प्रत्येक वेळी सीपीयू गोधडीत बांधून एस.टी.ने हिंगोलीला न्यायचा, परत आणायचा, फॉन्ट आणि प्रिंटर नव्याने बसवायचे. महिनाभरात व्हायरस परत हजर.

दुसरा रस्ता एस.टी.तूनच आला. करुणाबाईंचे पती भीमराज कळमनुरी आगारात वाहक आहेत. जुलैच्या सुरुवातीला नांदेड फेरीत एका सीटवर कोणी संगणकाचे मासिक विसरून गेले. भीमराज यांनी ते आगारात जमा केले. पंधरा दिवसांत कोणी मागायला आले नाही, तेव्हा नियंत्रकांनी "हे घेऊन जा, इथं जागा अडवून राहिलं," असे सांगितले. मासिकात दोन सीड्या होत्या आणि एक लेख होता: नवख्या माणसाने घरच्या संगणकासाठी विंडोजऐवजी लिनक्सची कोणती प्रणाली घ्यावी. ती फुकट मिळते, वाटायला मोकळी असते, विंडोजचे व्हायरस तिच्यात चालत नाहीत, आणि सीडीवरून चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता.

शेवटचे पाच शब्द करुणाबाईंनी पेनाने अधोरेखित केले. हार्ड डिस्कवर चार वर्षांचे पेपर होते. नवे शिक्षक मागच्या वर्षीचा पेपर मागतात, त्यावरून नवा काढतात. शाळा त्यांच्याकडे येतात त्याचे निम्मे कारण हेच.

लेखात सीड्यांवरच्या दोन प्रणालींखेरीज तिसऱ्या एकीचे, उबुंटूचे, नाव होते. तिची सीडी टपालाने मोफत येत असे. कळमनुरीच्या नेट कॅफेत जाऊन करुणाबाईंनी पत्ता भरला. सीडी सहा आठवड्यांनी परदेशातून आली. "बाहेरदेशाहून काय मागवलंय वहिनी?" पोस्टमनने विचारले. "संगणकाचं बियाणं," त्यांनी सांगितले.

हा शब्द अमृतरावांचा. ते सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात, सावलीत ठेवतात आणि आठवड्याने उलगडून बघतात. सत्तर उगवले तर बी पेरायचे, कमी उगवले तर दुकानदाराला परत. सुनेचा सीड्यांचा खटाटोप त्यांनी दोन दिवस पाहिला आणि म्हणाले, "मोजून बघ की मग. नुस्तं बघून काय कळतंय?"

करुणाबाईंनी वहीत दहा कामे लिहिली. जुना फॉन्ट दिसतो का. जोडाक्षर फुटते का. जुना पेपर उघडतो का. प्रिंटर चालतो का. पेन ड्राईव्ह ओळखतो का. कोष्टक नीट येते का. इंग्रजी नव्हे, मराठी आकडे येतात का. इंग्रजीचा पेपर होतो का. बंद करताना अडकतो का. आणि दहावे, भीमराज यांच्या आग्रहाखातर, गाणी वाजतात का.

मासिकातल्या पहिल्या सीडीचे चार दाणे उगवले. दुसरीचे सहा, तिला प्रिंटर सापडत नव्हता. टपालाने आलेल्या तपकिरी पडद्याच्या उबुंटूचे नऊ. न उगवलेला दाणा गाण्यांचा होता. त्यासाठी इंटरनेटवरून आणखी काही उतरवावे लागते, आणि घरी इंटरनेट नाही.

"पेपर निघतेत, गाणी न्हाईत," भीमराज म्हणाले. "सरकारी हापिस झालं म्हणा की हे."

नऊ दाणे उगवले होते. लेखाप्रमाणे पुढची पायरी ती हार्ड डिस्कवर बसवण्याची. ती करुणाबाईंनी घेतली नाही. हार्ड डिस्कला हात लावायचा नव्हता आणि सीडीवर सगळे चालत होते. त्यांनी सहामाहीचे पेपर सीडीवरच टाइप करायला घेतले. त्यांना एवढेच माहीत नव्हते की सीडीवरून चालणारी प्रणाली डेस्कटॉपला ठेवलेले सगळे तात्पुरत्या स्मृतीत ठेवते, आणि वीज गेली की ती स्मृती पुसली जाते. रोज गायब होणारा फॉन्ट तेच सांगत होता.

सोमवारी दुपारी जेवताना हा विषय निघाला. अमृतरावांनी भाकरी मोडली.

"काय झालं म्हणती?"

"सीडीवर लिहिलेलं राहत न्हाई, मामा. लाईट गेली की सपाट."

"मग बरूबर हाय त्याचं. गोणपाटात बी उगवतंय, पीक येत न्हाई. तू तर थेट खळं करायला निघालीस."

"पेरायला गेले आन् रान खराब झालं तर? चार वर्षांचं हाय त्याच्यात."

"रान खराब होईल म्हणून कोण बियाणं उशाला घेऊन झोपतंय का?" ते पाणी प्यायले. "बुधवारी काय देणारेस त्या मास्तरला, गोणपाट?"

बसवायला तासभर सलग वीज हवी होती. मध्येच गेली तर हार्ड डिस्क अर्धवट राहील, असा इशारा लेखात होता. डोंगरकड्यात त्या आठवड्यात सलग तासाची खात्री कोणी देत नव्हते. मंगळवारी सकाळी करुणाबाईंनी सीपीयू गोधडीत बांधला आणि हिंगोलीची गाडी धरली. वाहक भीमराज यांच्या ओळखीचा निघाला. "वहिनी, मांडीवरच्या लेकराचं अर्धं तिकीट लागतंय बरं का," तो म्हणाला. लोक हसले. करुणाबाईंनी गोधडी घट्ट धरली.

अमरसिंग यांनी सीपीयू पाहताच स्क्रू ड्रायव्हर उचलला. "फॉर्मॅट ना, ताई?"

"न्हाई. तुमचा इन्व्हर्टर पाहिजे. एक तास."

"इन्व्हर्टर?"

"आन् एक टेबल. तुमी बसून राहा निवांत."

सीडी पाहून ते हसले. "हे फुकटचं काहून टाकून राहिल्या? हे सायंटिस्ट लोकांचं असतं. फुकटात काय येतं?"

"तुमी दिलेलं विंडोज तरी कुठं इकत घेतलेलं व्हतं?"

"वो अलग बात है," अमरसिंग म्हणाले आणि टेबलावरचा चहाचा पेला उचलून जागा करून दिली.

बसवण्याच्या सात पायऱ्या होत्या. चौथीवर पडद्याने विचारले: आहे ते ठेवून शेजारी जागा करायची, की पूर्ण डिस्क वापरायची. दोन्ही पर्याय एकाखाली एक होते. करुणाबाईंनी पहिला निवडला, लेखातून वहीत उतरवलेले टिपण काढले, पर्याय शब्दाशब्दाने ताडून पाहिला आणि मगच पुढे गेल्या. सगळे व्हायला बावन्न मिनिटे लागली. मध्ये एकदा लाईट गेली, इन्व्हर्टरने टिट् केले, अमरसिंग म्हणाले, "देखा? बराबर दुकान में आए आप."

संगणक पुन्हा चालू झाला तेव्हा पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे आली, नवे उबुंटू वर, जुने विंडोज खाली. त्यांनी आधी जुने उघडले. चार वर्षांचे पेपर जागेवर होते. मग नवे उघडले. सहा मिनिटांच्या जागी दीड मिनिट लागले. फॉन्ट घातला, एक ओळ टाइप केली, डेस्कटॉपला ठेवली. आणि खाली वाकून भिंतीतला प्लग ओढून काढला.

अमरसिंग खुर्चीवरून उठले. "अरे ताई! काय करून राहिल्या?"

"आमच्या गावाला असंच असतं."

प्लग परत लावला. संगणकाने स्वतःची तपासणी केली, त्यात वेळ घेतला, आणि तपकिरी पडदा आला. ओळ तिथेच होती, फॉन्टही. वहीत त्यांनी अकरावे काम लिहिले आणि त्यापुढे खूण केली. अमरसिंग यांनी सीडी उलटसुलट करून पाहिली. "याची एक कॉपी काढून घेऊ का?"

"घ्या की. वाटायसाठीच हाय ती."

मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी पहाटे मिळालेल्या विजेत तिन्ही पेपर पुन्हा टाइप झाले. भूमितीचा त्यांना जवळजवळ पाठ झाला होता. बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्या शाळेत पोचल्या. संगणक शिक्षिका कोमल मॅडम यांनी पेन ड्राईव्ह सगळ्यांपासून तोडून ठेवलेल्या एका संगणकाला लावला. तपासणीला चार मिनिटे लागली. मुंजाजी सर मागे उभे होते.

"काय म्हणतंय?"

"काही न्हाई, सर. साफ आहे."

"परत बघा एकदा."

दुसऱ्यांदाही काही निघाले नाही. सरांनी नववीचा इतिहास उघडायला लावला. पहिल्या पानाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर सरकली होती.

"ही काहून खाली उतरली?"

"माझ्याकडची सिस्टीम दुसरी हाय, सर. कधी कधी एखादी ओळ सरकते. समास जरा कमी केला की वर येते."

कोमल मॅडमनी समास कमी केला. ओळ वर आली. सरांनी पेपर शेवटपर्यंत वाचला, एका प्रश्नाचे गुण चारचे तीन करायला सांगितले आणि कपाटातून एक फाईल काढली. आत दहावीच्या विज्ञानाचे हस्तलिखित होते, सात पाने. फाईलवर पेन्सिलीने हिंगोलीच्या सेंटरचे नाव लिहिलेले होते. ते त्यांनी खोडरबरने पुसले.

"हे शुक्रवारी अकराच्या आत पाहिजे. होईल का?"

"मधी उद्याचा दिवस सुटीचा हाय."

"म्हणून तर विचारून राहिलो."

"होईल."

उद्या, ९ ऑक्टोबरला, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, शाळा बंद आहे. करुणाबाई पाच वाजता दहावीचे विज्ञान घेऊन बसतील आणि साडेसातला उठतील. गावातल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर वंदनेची वेळ सकाळी आठ अशी लिहिलेली आहे.