कंदीलवाल्यांचा हुंदका

इंग्रजी रॉक बँडांमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. आता मला इंग्रजी येत नाही, तो भाग सोडा. शाळा सातवीपर्यंत केली, तीही मास्तरांना वेळ असेल तशी. बँडचं नावसुद्धा मला कधी वाचता आलं नाही. पण जाणकार म्हणजे जाणकार! आणि जाणकार माणूस आपटतो तेव्हा किती उंचावरून आपटतो, ते परवा मला कळलं. सांगतो. फक्त कप आधी खाली ठेवा. हे ऐकताना मागं एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी माणूस मागावरचा. चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो. म्हणजे माग बिघडला की मला हाक मारायचे, आणि मी पाना घेऊन येतोय म्हटल्यावर माग घाबरून आपोआप चालू व्हायचा. ऐंशीच्या दशकात माझा साडू दुबईला गेला आणि सुट्टीवर येताना माझ्यासाठी एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन आला. मी त्याला भजनाची कॅसेट सांगितली होती. दुबईत! म्हणजे चूक माझीच. त्याच्या कॅसेटवर पेटत्या कंदिलाचं चित्र, आणि वर बँडचं नाव अशा काटेरी अक्षरांत लिहिलेलं की बाभळीचं झुडूप वाटावं. गल्लीतल्या एकुलत्या एक ग्रॅज्युएटलाही ते वाचता येईना. मग आम्ही त्यांना 'कंदीलवाले' म्हणायला लागलो.

ती पहिली कॅसेट लाल. लावली मात्र, सगळा कारखानाच घरात शिरल्यासारखं वाटलं! तोच दणका, तोच खडखडाट, आणि वरून एक माणूस जीव तोडून ओरडतोय. ओरडायचा आमचा शेठही, पण त्याला गिटारची साथ नव्हती. मला एकदम घरचं संगीत सापडलं.

साडू पुढच्या दोन खेपांना कंदीलवाल्यांच्या आणखी दोन कॅसेटी घेऊन आला. दुसरी काळी, तिसरी निळी. आणि इथून माझी विद्वत्ता सुरू होते बरं का!

काळी लावली आणि मी चाट पडलो. माणसं तीच, पण चाल संथ. गाणाऱ्याचा आवाज विहिरीत उतरून गावं तसा खोल. मधेच गळा भरून यायचा, सूर हेलकावे खायचा. एका गाण्यात तर गडी थांबायचाच! हुंदका हो, हुंदका! मी टेपवर हलकेच थाप मारायचो, "जाऊ दे गड्या" म्हणायचो, की बिचारा परत गायला लागायचा. इतकं जिवंत संगीत तुम्ही कुठं ऐकलंय?

मी विचार केला, मधल्या काळात या माणसाचं असं काय झालं असेल? उत्तर माझं मलाच सुचलं. बायको सोडून गेली.

आणि निळी? निळीत तोच माणूस चिमणीसारखा चिवचिवत होता! ढोल पळत सुटलेले, गिटार टणाटण उड्या मारतीय. म्हणजे उघडच आहे. दुसरं लग्न झालं!

लाल म्हणजे जवानी, काळी म्हणजे विरह, निळी म्हणजे दुसरं लग्न. रॉक बँडचा आवाज कसा बदलत जातो, हे मी चहाच्या गाड्यावर पस्तीसेक वर्षं लोकांना समजावून सांगत आलो. गाण्यातला एक शब्द मला कळत नव्हता, पण शब्द कळणाऱ्यांना तरी गाणं कुठं कळतं? एका प्रोफेसरानं तर माझं ऐकून जोरजोरात मान हलवली होती. बहुतेक त्याची बस आली होती.

माझा दोस्त रशीद, एसटीतला रिटायर कंडक्टर. त्याचा बँड वेगळा. त्याच्या कॅसेटींवर घुबडाचं चित्र, म्हणून ते 'घुबडवाले'. आमची रोजची जुंपायची. मी म्हणायचो, "रशीद, तुझे घुबडवाले पहिल्या कॅसेटपासून एकच ट्रिप मारतात. सोलापूर-मंगळवेढा, मंगळवेढा-सोलापूर! आमचे कंदीलवाले बघ, दर वेळी नवा रस्ता." बिचारा ऐकून घ्यायचा. तसं माझं त्यानं पुष्कळ सोसलंय. एकदा घुबडवाले विमानानं सोलापुरात उतरणार आहेत असं सांगून मी त्याला भर उन्हात हार घेऊन विमानतळाच्या फाटकाशी उभा केला होता. शेवटी संध्याकाळी त्यानं तो हार वॉचमनच्या गळ्यात घातला.

तर असा हा रशीद गेल्या महिन्यात चहाच्या गाड्यावर आला तो हसतच.

"तात्या, तेरे कंदीलवाले मोबाईल पे सुना मैं. मेरी पोती ने निकाल के दी. लाल, काली, नीली, तीनों."

"मग? काळीला डोळ्यांत पाणी आलं का नाही?"

"कायका पानी! तीनों एकसरीखे हैं रे. वोईच चाल, वोईच आवाज. कुछ बी फरक नै."

"रशीद, तुला माणसाचं दुःख कळत नाही."

"मेरेकू नै कळता? सारी उमर छुट्टे पैसे मांगा मैं!"

गाड्यावरची माणसं हसली. आता बघा, मी दुसऱ्यावर हसायला जन्मलेला माणूस. माझ्यावर कुणी हसलं की मला काय होतं कुणास ठाऊक! मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "तिन्ही कॅसेटींत फरक नसला, तर ही मिशी उतरवीन!"

तुम्ही माझी मिशी पाहिली नव्हती. पाहिली असती तर इथंच उठून मला आवरलं असतं. दोन्ही गालांवर वळण घेऊन वर चढलेली, पांढरीशुभ्र, रोज तेलपाणी केलेली. आमच्या भागात लोक पत्ता सांगायचे तो असा: "त्या मिशीवाल्याच्या घरापासून डावीकडं वळा."

"हौ," रशीद म्हणाला. "फरक निकला तो घुबडवालों का नाम नै लेता मैं, जिंदगी में."

आता पंच कोण? तर श्रावणी. तिचे आजोबा माझ्याबरोबर मागावर होते, घरी तेलुगू बोलणारी माणसं. पोरीनं सात रस्त्याजवळ कॅफे काढलाय. कोल्ड कॉफी आणि शेंगा चटणीचं सँडविच एकाच ताटलीत देते, आणि पोरं ते खातात. माझ्या उंचीचे स्पीकर आहेत तिच्याकडं. कॅसेटींच्या चित्रांचे फोटो काढून तिनं मोबाईलवर कंदीलवाले शोधून काढले, आणि वर दाराबाहेर पाटी लावली: 'ऐंशीच्या दशकातला रॉक आणि त्याचा बदलता आवाज. वक्ते: तात्या.'

वक्ते! सातवी पास वक्ते!

रविवारी संध्याकाळी कॅफे भरला. सगळी कॉलेजची पोरंपोरी. मी माईक धरला आणि अर्धा तास विरहावर बोललो. दोन पोरींचे डोळे ओले झाले, गळ्याशप्पथ. रशीद पुढच्या खुर्चीवर बसला होता. खिशातून कात्रीचं टोक दिसत होतं.

आधी लाल वाजली. मी म्हणालो, "ही जवानी!" टाळ्या.

मग काळी. मी म्हणालो, "आता डोळे मिटा. मन घट्ट करा. या माणसाची बायको गेलीय."

आणि काय सुरू व्हावं? धडाधड धडाधड! तीच चाल, तोच दणका, गडी एकदम ठणठणीत!

"पोरी, परत लालच लागली गं."

"नाही तात्या, काळीच आहे. हे बघा चित्र."

"बरं, थांब. आता हुंदका येईल." मी बोट वर करून उभा राहिलो. गाणं संपलं. दुसरं लागलं. बोट वरच. मागून एकानं विचारलं, "तात्या, आला का?"

"येतोय, येतोय."

अहो, कॅसेटची एक बाजू होईल एवढी गाणी संपली! हात भरून आला, पण हुंदका काही येईना. मग निळी लावली. तीत चिमणी नाही, लग्न नाही, काही नाही. तोच माणूस, तसाच ओरडतोय.

रशीदनं कात्री बाहेर काढली.

मी हार मानतोय होय? "हे मोबाईलवरचं सगळं बनावट!" मी माईकवर गरजलो. "कंपनीनं यातलं दुःख काढून टाकलंय! पुढच्या रविवारी मी माझा टेप आणि माझ्या अस्सल कॅसेटी आणतो. मग बघा!"

श्रावणीनं पंच म्हणून निकाल दिला: एक संधी आणखी. तिलाही बरंच होतं म्हणा, पुढच्या रविवारचा कॅफे आत्ताच भरला होता.

टेप आता असतो आमच्या कमलच्या ताब्यात. कमल म्हणजे माझी बायको, घरच्या मालकीणबाई. माहेर माळशिरसकडचं, बोलणं अजून तिकडचंच. ती स्वयंपाक करताना त्याच्यावर भजनं लावते. मी टेप उचलला तशी म्हणाली, "अवो, ह्यो नेऊ नका चार माणसांत. ह्याच्यावर समदी माणसं उंदरावानी गात्यात."

"तुझ्या त्या भजनाच्या कॅसेटीच तसल्या," मी म्हणालो. "अस्सल गाणं लाव म्हणजे कळेल."

तुम्ही म्हणाल, मग घरीच एकदा लावून का नाही बघितलं? अहो, मत पक्कं झाल्यावर ऐकायचं कशाला? निळी आली, माझी तिन्ही मतं तयार झाली, आणि मी कॅसेटी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिल्या. ऐकायचं काम संपलं होतं. उरलं होतं ते सांगायचं.

दुसऱ्या रविवारी कॅफेत उभं राहायला जागा नव्हती. मी मिशीला खास पीळ देऊन गेलो होतो. टेप टेबलावर ठेवला, श्रावणीनं माईक त्याच्या तोंडाशी धरला, आणि मी लाल कॅसेट घालून बटण दाबलं.

चिव चिव चिव चिव!

"निळी घातली वाटतं," मी म्हणालो. काढून पाहिली. लाल.

घाईघाईनं काळी घातली. तर तो बायको गेलेला माणूस, ज्याच्यासाठी मी पस्तीस वर्षं हळहळलो, तो पिंजऱ्यातल्या लव्हबर्डसारखा नाचत होता! निळी घातली. तीही तशीच. तिन्ही एकसारख्या! मग एक पोरगी फिस्सकन हसली, आणि पुढं काय विचारता! टेबलं हलायला लागली.

"अय्यो तात्या," श्रावणी डोळे पुसत म्हणाली, "हा टेप पळतोय! आत काय घातलंय तुम्ही?"

आत काय घातलंय? खिशात स्क्रू-ड्रायव्हर असतोच माझ्या. मागचं झाकण उघडलं. आत, मोटरीवरून चाकावर जाणारा पट्टा होता. काळा, जाडजूड. सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं कडं.

आणि मला सगळं आठवलं हो!

लाल कॅसेट आली तेव्हा टेप कोरा करकरीत, पट्टा कंपनीचा. काळी येईपर्यंत तो पट्टा सैल पडला होता. सैल पट्टा चाकावरून घसरला की गाणं रेंगाळणार, आवाज जाड होणार. आणि हुंदका? हुंदका म्हणजे पट्टा पार घसरला! थाप मारली की परत धरायचा. निळी यायच्या आधी टेप बंदच पडला, म्हणून मीच ट्यूबचं कडं कापून बसवलं. ते कंपनीच्या पट्ट्याहून जाड, म्हणजे मोटरीची बारकी कप्पी मोठी झाल्यासारखंच, तेव्हा चाक पळायला लागलं. तुटलं की मी नवं कापून घालायचो, तसलंच. म्हणजे त्या बाबाची बायको घालवली सैल पट्ट्यानं, आणि दुसरं लग्न लावलं सायकलच्या ट्यूबनं!

आणि मी कोण? जॉबर! उभा जन्म पट्ट्यांत गेला. मागाकडं पाठ करून उभा असलो तरी कुठल्या मागाचा पट्टा ढिला पडलाय ते आवाजावरून सांगायचो. आणि घरी तोच आवाज ऐकून डोळे पुसत बसलो!

झाकण गुपचूप लावून टाकता आलं असतं. पण इतकी भारी फजिती, ती दुसऱ्यानं सांगितलेली मला कशी चालेल? मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. ट्यूबचं कडं वर धरून दाखवलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी स्वतः इतका हसलो की खुर्ची धरावी लागली.

रशीद तेवढा हसला नाही. तो नुसता म्हणाला, "मूंछ."

"अर्धी चालेल का रे?"

"चलेगी. आधी निकाल. वो तो और बी अच्छा दिखेगा!"

सोमवारी सलून बंद, म्हणून मंगळवारी सकाळी गेलो, पुरीच उतरवायला. सलूनवाल्यानं दोनदा विचारलं, "तात्या, नक्की ना? घरात सगळं बरं आहे ना?" रशीदनं आरसा धरला होता. जाताना माझ्या मिशीचे केस त्यानं कागदात बांधून खिशात टाकले. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येईपर्यंत वाटेत एकानंही ओळख दाखवली नाही. गल्लीतलं कुत्रं, ज्याला मी रोज बिस्कीट घालतो, ते माझ्यावर भुंकलं. दार वाजवलं. कमलनं फट उघडली.

"कोन पायजे?"

"अगं, मी! पैज हरलो." आत शिरून मी छाती पुढं काढली, मान ताठ केली. "अशी बघतेस काय? माणूस तोच आहे की! मिशी तेवढी गेली."

कमलनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मला उजेडात घेतलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग म्हणाली,

"आन् मला येवडी वर्सं वाटत हुतं, रुबाब तुमचा हाय. त्यो मिशीचा हुता व्हय!"