सांवेर रोडवरचा साधारण सोमवार

मध्यप्रदेश राज्य नुकतंच झालं होतं आणि माझी नोकरीही नवी होती. ती कच्ची होती, म्हणून मी साहेबांच्या बुटांच्या आवाजालासुद्धा भ्यायचो. आमच्या कचेरीचं काम म्हणजे वीस वर्षांनंतरचं इंदूर आजच कागदावर काढणं. रस्त्यावरून किती गाड्या जातात ते मोजायचं, जुन्या मोजणीशी ताडून वाढ काढायची आणि तीच वाढ वीस वर्षं पुढे ओढायची. मग एवढ्या गाड्या येतील त्या कशापायी, याचा विचार करून नकाशातल्या जमिनीला रंग द्यायचे. वस्तीला पिवळा, शेतीला हिरवा, कारखान्यांना जांभळा.

सांवेर रोडची मोजणी माझ्या गळ्यात पडली. दिवस सणाचा नको, एवढीच अट. मी घरचं कॅलेंडर बघितलं. ते मावशीनं पुण्याहून पाठवलेलं. आषाढ वद्य, सोमवार, बाकी काही नाही. दिवस ठरवून टाकला.

रस्त्याकाठी एका म्हाताऱ्याचं शेत होतं. विहीर, दोन जांभळाची झाडं आणि एक छपरी. त्यानं आम्हा मोजणीवाल्यांना तिथे बसू दिलं, लोटाभर पाणी दिलं. आठ वाजेपर्यंत सगळं ठीक होतं. मग बैलगाड्या यायला लागल्या, बायकांनी गच्च भरलेल्या. त्यामागे टांगे, मोटारी, टपापर्यंत लादलेल्या बस. सगळ्या उज्जैनकडे.

"आज इतकी गर्दी कशाची, बाबा?" मी हिंदीत विचारलं.

म्हातारा हसला. "सावन का पहला सोमवार है, बाबूजी. महाकाल के दर्शन को जा रहे हैं सब."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. माळव्यात महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आमच्या मराठी घरांत अमावास्येनंतर. आमचा श्रावण पंधरा दिवस लांब होता, त्यांचा लागून गेला होता. इंदूरात जन्मलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण भिंतीवरचं पुणेरी कॅलेंडर बघताना मी जणू पुण्यातच राहत होतो, गाढव कुठला!

मोजणी थांबवायला हवी होती. पण आदल्याच महिन्यात एक नकाशा चुकला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "देखो, अजून एक गलती झाली ना, तर सरळ घरी बसायचं." घरी आई आणि दोन बहिणी. मी गाड्या मोजत राहिलो. तक्त्यात शेवटचा रकाना होता, दिवसाचा प्रकार. तिथे मी लिहिलं, 'साधारण'. ते अक्षर माझं वाटेना.

निघताना म्हाताऱ्यानं विचारलं, "इससे हमारी ज़मीन पे तो कुछ नी आएगा?"

"नहीं बाबा," मी म्हटलं, "सिर्फ गिनती है."

आकडा जुन्या मोजणीच्या कितीतरी पट निघाला. साहेब खूश झाले. "अरे भिया, इथे तर कारखाने मागतोय रस्ता!" जांभळा रंग द्यायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. विहिरीच्या जागी आल्यावर ब्रश थांबला. मागे बूट वाजले. मी ब्रश फिरवला. नकाशा भोपाळला गेला, आणि मी रोज टपाल आलं की घामानं भिजायचो. कुणीतरी तारीख पंचांगाशी ताडून बघेल असं वाटायचं. कुणीही बघितली नाही. माझी नोकरी पक्की झाली.

एक दिवस दुपारी व्हरांड्यात ओळखीचा आवाज आला. हातात जमीन ताब्यात घेण्याची नोटीस घेऊन तो म्हातारा चपराशाला विचारत होता, "वो गिनती वाले मराठी बाबूजी हैं क्या? वो मुझे जानते हैं. उनने कहा था, सिर्फ गिनती है." मी नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीत शिरलो आणि आतून कडी लावली. तिथे प्रती उठवायच्या अमोनियाचा वास असतो. डोळे आगीसारखे झोंबत होते, खोकला येऊ नये म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला होता. किती वेळ, माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा व्हरांडा रिकामा होता. चपराशी म्हणाला, "रो रिया था बेचारा."

वीस वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजणी झाली. तोवर साहेब मी होतो. दिवस ठरवताना मी दोन्ही पंचांगं बघितली, दोनदा. विहिरीच्या जागी एका कारखान्याचं फाटक होतं. ट्रक फाटकापासून पार वळणापर्यंत उभे होते. आम्ही रुंद रस्ता दिला, जमीन दिली, मग कारखाने आले आणि गाड्याही आल्या. संध्याकाळी ज्युनियरनं बेरीज दाखवली. "सर, कमाल आहे, तुमचं प्रोजेक्शन एकदम करेक्ट निघालं!"

त्यानं सहीसाठी तक्ता पुढे केला. शेवटचा रकाना कोरा होता. मी 'साधारण' लिहिलं. या खेपेला ते खरं होतं, आणि तरीही अक्षर माझं वाटेना.