तिवशाला पोचलेली नोंद

२०१६ साली अकोल्याच्या जठारपेठेत एका संस्थेची हेल्पलाइन चालायची. नापिकीनं खचलेल्या घरांतल्या माणसांनी फोन करून मन मोकळं करावं, म्हणून. नगमा तिथली वेबसाइट सांभाळायची. कोणत्या गावातून किती फोन आले ते नकाशावर दिसे. विद्यार्थ्यांना, पत्रकारांना हीच माहिती आपापल्या प्रोग्रॅममध्ये थेट ओढून घेता यावी, म्हणून तिनं एपीआयही खुलं केलं होतं. नावं काढून टाकलेली होती.

एका दुपारी हिवरखेडच्या दुर्गाबाईंचा फोन आला, तो नगमानंच उचलला.

"मी तुमच्यापाशी बोलली, ते तिवशाले कसं पोचलं?"

त्यांच्या मुलीची, पायलची सोयरीक तिवशाला जुळत आली होती. मुलाचा चुलतभाऊ कॉम्प्युटर शिकत होता आणि संस्थेची हीच माहिती अभ्यासासाठी घेत होता. त्यानं बैठकीतच मोबाइल पुढं केला. त्यावर दुर्गाबाईंचा नंबर होता आणि समुपदेशकाची नोंद: 'जगावंसं वाटत नाही म्हणतात.'

"तुमी लोक तर म्हनत होते, कोनाले सांगत नाही!"

नगमानं एपीआयमधून जाणारी माहिती उघडून पाहिली. नावाची जागा रिकामी होती, पण नंबर आणि नोंद जशीच्या तशी जात होती. चाचणीसाठी ठेवलेले ते दोन रकाने काढायचे तीच विसरली होती. दोनशे बारा माणसं. आणि ही माहिती घेणारे एकोणीस जण.

"आत्ता बंद नोको करू," संस्थेचे प्रमुख खुशालराव म्हणाले. "चार वाजता पैसे देणारे साहेब लोक हे पाहाले येऊन राहिले."

"तोवर अजून कोणी घेऊन जाईल, सर."

"नगमा, मी काय म्हणून राहिलो?"

नगमानं जागेवर जाऊन एपीआय बंद केलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

एकोणीस जणांना तिनं माहिती पुसायला लिहिलं. अकरा जणांचं उत्तर आलं. मग ती स्वतः हिवरखेडला गेली.

"चूक माझी आहे," ती दारातच म्हणाली.

दुर्गाबाईंनी विचारलं, "पुसलं जाईन का आता?"

"आमच्याकडून पुसलं. सगळ्यांकडून पुसलं गेलं, असं नाही सांगू शकत."

पायल आतून बाहेर आली. तिनं नगमाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, मले कावून नाही सांगतलं तू? परक्या लोकायच्या तोंडून आयकलं मी."

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. पायल त्यांच्याजवळ खाली बसली. नगमा कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. तिला बस कोणी म्हटलं नाही, जा असंही नाही.

सोयरीक मोडली. नगमानं बाकीच्या दोनशे अकरा जणांना एकेक करून फोन लावला. महिनाभर शिव्या ऐकल्या. काही जण नुसते रडले. खुशालराव तिच्याशी पुढं कामापुरतंच बोलत. एपीआय पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्यात तालुकावार आकड्यांपलीकडे काही नव्हतं.

दुर्गाबाईंनी त्या हेल्पलाइनला परत कधीच फोन केला नाही. दिवाळीनंतर नगमानं भीतभीत चौकशी केली, तेव्हा पायलनं फोन उचलला.

"आई बरी हाय," ती म्हणाली. "आता मलेच सांगते."

आणि तिनं फोन ठेवून दिला.